फुकटे कोण?

पनवेलच्या बाजारात ‘आम्ही करदाते’ असं छाती काढून बोलणारे भेटतात. म्हणजे आम्ही वाडीवाले फुकटे! मग साबण, चप्पल, मोबाईलचं रिचार्ज यातला जीएसटी कोण भरतं? वीटभट्टीवरची बाईसुद्धा भरते. आमच्या म्हाताऱ्यांनी दळीचा फाळा सरकारला भरला, तो काय दान होता?

बोलणाऱ्यांना बोलू द्या. आपण घरपट्टीच्या पावत्या शोधू. वनहक्क नियम २००८, नियम १३ प्रमाणे ती पावती दाव्याला पुरावा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीची असेल तर फारच बरं. पत्र्याच्या पेटीत, कुडाला खोचलेली, कुठंही असेल. वनहक्क समितीला झेरॉक्स द्या, मूळ पावती घरीच ठेवा. एकच पुरावा पुरत नाही, तेव्हा सोबत वडीलधाऱ्यांचा जबाबही लिहून घ्या.