डार्टची चांदमारी

ज्या देशांत शिकारीला परवानगी आहे, तिथले अनेक शिकारी आपली काडतुसं घरी बसून स्वतः भरतात. दारू तराजूवर तोलायची, गोळी किती खोल बसवायची ते मोजायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर कागदावर चार-पाच गोळ्या झाडून त्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या ते पाहायचं. एका रायफलीला मानवलेलं भरण त्याच बनावटीच्या दुसऱ्या रायफलीला मानवेलच असं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून जंगलात जाण्याआधी त्यांचे कित्येक दिवस वही, तराजू आणि कागदी निशाण यांतच जातात.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनी शिकार थांबवली. ते योग्यच झालं. पण हाताने भरून बंदुकीतून झाडायची एक वस्तू शिल्लक राहिली आणि ती भरण्याचं काम आपल्याकडे, म्हणजे पशुवैद्यकांकडे आलं. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीत काम करणाऱ्या पशुवैद्यकाच्या पेटीतला बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट म्हणजे हाताने भरलेलं काडतूसच आहे. त्यात औषध आहे, त्याचं आकारमान आहे, सुईची लांबी आहे, मागच्या कप्प्यातली दाबलेली हवा आहे, शेपटीचा गोंडा आहे. यातलं एक बदललं की बाकीच्यांचा हिशेब बदलतो. शिकारी जेवढी चाचणी हरणासाठी करतो तेवढी आपण वाघासाठी करतो का, हा या महिन्याचा विषय आहे. प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असं आहे.

कायद्याने या डार्टवर मोठा भार टाकला आहे. अनुसूची एकमधला प्राणी माणसाच्या जिवाला धोका ठरला, तरी त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याची परवानगी देता येत नाही. कलम ११ ते सांगतं. म्हणजे गोळीच्या आधी डार्ट. आणि डार्ट नीट लागला नाही, तर कागदोपत्री गोळीचा रस्ता मोकळा होतो.

हे राळेगाव आणि पांढरकवड्याच्या परिसरात आपण पाहिलं आहे. टी-१ ही वाघीण, म्हणजे लोकांची ‘अवनी’, हिच्यावर २०१६ ते २०१८ या काळातल्या १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका होता. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करा, तो फसला तरच मारा, असा आदेश होता. सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. मग हत्ती आले, कुत्रे आले, पॅराग्लायडर आला, परदेशी अत्तरसुद्धा शिंपडून झालं. वर्तमानपत्रांनी या सगळ्यावर रकानेच्या रकाने लिहिले. २ नोव्हेंबरच्या रात्री अकराच्या सुमारास बोराटीच्या जंगलात ती गोळीने मेली, तेव्हा तिच्या मांडीत एक डार्टही होता.

तो डार्ट बंदुकीतून आला की नंतर हाताने टोचला गेला, इथपर्यंत शंका निघाल्या. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. आपल्या कामाची गोष्ट राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत आहे. कार्यपद्धतीचा आणि शस्त्र कायद्याचा भंग तर तिने नोंदवलाच, पण भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याचाही भंग नोंदवला. नोंदणीकृत पशुवैद्यक जागेवर नसताना औषधाचा डार्ट चालवला गेला होता. आणि दुसरं म्हणजे, त्या डार्टमधलं औषध ५६ तास आधी भरलेलं होतं. ते २४ तासांच्या आत वापरायला हवं होतं.

या ५६ तासांवर आपल्या व्यवसायात जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. आत्मसंरक्षण, नियम, न्यायालय यांवर सगळे बोलले, पण शिळ्या डार्टवर कोणी बोललं नाही. खरं तर मोहिमा कशा चालतात हे आपल्याला माहीत आहे. पथक दिवसरात्र तैनात, वाघ कधी दिसेल याचा नेम नाही, म्हणून डार्ट ‘तयार’ ठेवला जातो. केटामाइन औषध कायद्याच्या परिशिष्ट ‘एक्स’मध्ये आहे, एकेक मिलीची नोंद ठेवावी लागते, आणि भरलेला डार्ट रिकामा करून औषध फेकून द्यायला हात धजत नाही. तोवर सुईच्या बाजूच्या छिद्रावरची सिलिकॉनची नळी सैल पडते, दाबाखालचं औषध झिरपतं, आत किती उरलं ते बाहेरून कळत नाही. असा डार्ट मांडीत अगदी मध्यावर लागला तरी मात्रा किती गेली हे कोणालाच सांगता येणार नाही. माझं मत स्पष्ट आहे. डार्टवर भरल्याची तारीख आणि वेळ चिकटपट्टीवर लिहिलेली नसेल, तर तो डार्ट बंदुकीत घालू नये, मग समोर वाघ उभा असला तरी.

आता नेमाकडे. रायफलीची गोळी सेकंदाला सात-आठशे मीटर जाते. डार्ट साठ मीटरच्या आसपास. आपण चुकतो ते इथे. साठच्या वेगाने २० मीटर जायला डार्टला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे ५४ सेंटिमीटर खाली येतो. ३० मीटरला अर्धा सेकंद लागतो आणि उतार सव्वा मीटरच्या जवळ जातो. बंदूक २० मीटरला बसवली असेल आणि वाघ प्रत्यक्षात ३० मीटरवर असेल, तर डार्ट निशाणाच्या जवळजवळ ४० सेंटिमीटर खाली जाईल. हवेचा विरोध धरला तर आणखी खाली. खांद्याचा नेम पायात किंवा मातीत. उलट चूक जास्त वाईट असते. ३० मीटरचा दाब लावून १२ मीटरवरच्या जनावराला मारलं, तर डार्ट वर आणि जोरात लागतो, आणि बरगडीवर किंवा हाडावर बसला तर आपणच जखम करून ठेवतो.

म्हणून अंतर डोळ्यांनी ठरवू नये. तूर डोक्याइतकी वाढलेली असते, पऱ्हाटीच्या ओळी नजरेला फसवतात, घाणेरीच्या जाळीतून वाघाचा नुसता पाठीचा पट्टा दिसतो. अशा वेळी अनुभवी माणूसही पाच-सात मीटर चुकतो. अंतरमापक दुर्बीण ही चैन नाही. जिल्ह्याच्या पथकाकडे गाडी आहे आणि ती नाही, हे मला उलटं वाटतं.

दाबाचंही तसंच. हिवाळ्याच्या पहाटे १५ अंशांना बंदुकीच्या टाकीत वायू भरून ठेवला आणि ती दुपारपर्यंत उन्हात तापून ४५ अंशांवर गेली, तर बंद टाकीतला दाब साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. डार्टच्या मागच्या कप्प्यातल्या हवेचंही तेच होतं. मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात जीपच्या बॉनेटवर ठेवलेल्या बंदुकीचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

आणि आकारमान. ही खास आपली, डॉक्टरांची चूक. बाजारात सहज मिळणारं केटामाइन बहुधा मिलीला ५० मिलिग्रॅमचं असतं. १४० किलोच्या वाघाला किलोमागे ३ मिलिग्रॅम धरलं तर ४२० मिलिग्रॅम, म्हणजे ८.४ मिली, त्यात झायलाझिन वेगळं. तीन किंवा पाच मिलीच्या डार्टमध्ये हे मावत नाही. मग कोणी मात्रा कमी करतो, कोणी दोन डार्ट मारायचं ठरवतो, कोणी मोठा जड डार्ट घेतो आणि तोच जुना दाब लावतो. म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयाच्या नावाने ओळखलं जाणारं मिश्रण याच अडचणीतून आलं. ५०० मिलिग्रॅम कोरडं झायलाझिन ४ मिली तीव्र केटामाइनमध्ये विरघळवलं की मिलीला १२५ मिलिग्रॅम झायलाझिन आणि १०० मिलिग्रॅम केटामाइन मिळतं, आणि मोठ्या जनावराची मात्राही लहान डार्टमध्ये बसते. लहान डार्ट म्हणजे हलका डार्ट, सरळ उडणारा आणि कमी इजा करणारा. औषधाची तीव्रता हा नेमाचाही प्रश्न आहे, हे पदवीच्या अभ्यासक्रमात ठसवलं जात नाही. भूलशास्त्र एका पुस्तकात, बंदूक कुठेच नाही.

विदर्भातल्या पथकांची एक रचना आहे, तीही इथे बोलायला हवी. औषध पशुवैद्यक भरतो आणि बंदूक बहुतेक वेळा पोलीस किंवा वन विभागातला पट्टीचा नेमबाज चालवतो. ही रचना वाईट नाही, उत्तम नेमबाज उत्तमच असतो. पण त्याचा हात गोळीला सरावलेला असतो. डार्ट अर्धा सेकंद हवेत राहतो आणि तेवढ्यात वाघ एक पाऊल टाकतो. भरणारा आणि झाडणारा यांनी एकत्र चांदमारी केली नसेल, तर एकाला उतार माहीत नसतो आणि दुसऱ्याला वजन. आणखी एक गैरसमज दोघांनाही असू शकतो: डार्ट लागला की वाघ पडतो. तो सिनेमात पडतो. प्रत्यक्षात औषध चढायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ जनावर पूर्ण शुद्धीत, वर दुखावलेलं असतं. पथकाची जागा, गाडीचं दार, लोकांची गर्दी हे सगळं त्या मिनिटांच्या हिशेबाने ठरायला हवं. बोराटीत ते रात्री, काळोखात, नाल्या-झुडपांत ठरत होतं.

याच जिल्ह्यातली दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर चित्र एकांगी होईल. अवनीनंतर चारेक महिन्यांत, फेब्रुवारी २०१९मध्ये, पांढरकवड्याजवळच्याच टिपेश्वर अभयारण्यात एका तरुण वाघाला बेशुद्ध करून रेडिओ कॉलर लावली गेली. तोच पुढे बुलढाण्यातल्या ज्ञानगंगापर्यंत तेराशे किलोमीटरहून अधिक चालून गेलेला. जानेवारी २०२५मध्ये टिपेश्वरमध्येच गळ्यात तारेचा फास रुतलेल्या वाघिणीला बेशुद्ध करून तो फास काढला गेला.  यात चमत्कार नाही, तयारी आहे.

ती तयारी करायला फार काही लागत नाही. पाण्याचं वजन आणि औषधी द्रावणाचं वजन जवळजवळ सारखंच, म्हणून नेमक्या त्याच आकारमानाचं पाणी भरलेले डार्ट सरावाला चालतात. निशाणामागे भुशाची पोती किंवा जुनी गादी लावली की डार्ट खराब होत नाहीत. १०, १५, २०, २५, ३० मीटर. प्रत्येक अंतराला, प्रत्येक आकाराच्या डार्टने, एका वेळी फक्त दाब बदलून, किमान पाच डार्ट एका घोळक्यात पडेपर्यंत. डार्टवर क्रमांक घाला, कारण एखादा डार्ट कायम डावीकडे जातो आणि दोष बहुधा झिजलेल्या गोंड्यात निघतो. तो बाजूला काढा, त्याला कितीही पैसे पडलेले असोत. जे आकडे निघतील ते त्या एका बंदुकीचे. शेजारच्या विभागाची बंदूक त्याच कंपनीची असली, तरी तिचं कोष्टक वेगळं निघेल.

हे काम पशुधन विकास अधिकाऱ्याने लसीकरण आणि पशुगणनेतून उरलेल्या वेळात करावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. वन विभागाने प्रत्येक पथकाला सरावाचे दिवस कार्यालयीन कामात धरून द्यावेत, आणि सरावाचं कोष्टक नसलेल्या बंदुकीला मोहिमेत परवानगी देऊ नये. गोरेवाड्याच्या वन्यजीव केंद्राने आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने भूलशास्त्राच्या प्रत्येक कार्यशाळेत एक पूर्ण दिवस मैदानावर घालवावा. सभागृहातल्या स्लाइड्स थोड्या कमी झाल्या तरी चालेल.

पुढच्या अंकापासून आपण वाचकांची सराव-कोष्टकं छापणार आहोत. बंदुकीची बनावट, नळीचा व्यास, डार्टचं आकारमान आणि भरलेलं वजन, सुईची लांबी, दाब, अंतर, त्या वेळचं तापमान आणि पाच डार्टांमधलं सर्वांत मोठं अंतर सेंटिमीटरमध्ये, एवढं पाठवा. औषधाच्या मात्रा पाठवू नका. बिघडलेले घोळकेही पाठवा, नाव छापलं जाणार नाही. पावसाळ्यात मोहिमा कमी असतात, तेवढ्यात मैदान गाठा.