आशेच्या पगारावरची फौज

पोलीस खात्यावर टीका करणाऱ्यांविषयी खात्याचे मत काय असते, हे जगजाहीर आहे. पण खात्यावर जीव टाकणाऱ्यांविषयी खात्याला काय वाटते, ह्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. गणेशविसर्जनाच्या रात्री गळ्यात ओळखपत्र अडकवून दोर धरून उभा राहणारा ‘पोलीस मित्र’, सणासुदीला व निवडणुकीला बंदोबस्तासाठी बोलावला जाणारा होमगार्ड, आणि तालुक्याच्या गावाबाहेर पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावणारा भरतीचा उमेदवार, ह्या तिघांनाही खाकीची ओढ आहे. ही ओढ दुतर्फा आहे, असा त्यांचा समज आहे. वास्तव निराळे आहे. खाते ह्या माणसांना बरोबरीचा मान देत नाही. त्यांच्यावर पुरता विश्वासही टाकीत नाही. आणि तरीही त्यांना हातचे सोडीत नाही. कारण ती स्वस्त पडतात, आणि त्यांच्या हातून जे घडते त्याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही.

ह्यातील अविश्वासाचा भाग समजण्यासारखा आहे. किंबहुना तो योग्यच आहे. पोलिसाचे काम मुख्यतः संयमाचे काम आहे. काठी कधी उगारू नये हे कळणे, ती उगारण्यापेक्षा अवघड असते. ज्याला काठीचीच हौस आहे त्याच्या हाती ती देऊ नये, हे कोणताही जुना फौजदार जाणतो. ठाण्यात काम नसताना येऊन बसणारा, साहेबांच्या गाडीभोवती घोटाळणारा, वस्तीत जाऊन ‘साहेबांशी बोलून देतो’ असे सांगणारा उत्साही कार्यकर्ता उद्या त्याच ओळखीचे दुकान मांडील, ही शंका अनुभवातून आलेली असते. कायद्याने पोलिसाला अटकेचा अधिकार दिला, तो खात्याची शिस्त, चौकशी, निलंबन आणि न्यायालय ह्यांचे ओझे त्याच्या खांद्यावर ठेवून दिला. हौशी मदतनीसाच्या खांद्यावर ह्यांपैकी काहीच नसते. म्हणून समंजस अधिकारी त्याला चार हात लांब ठेवतो. प्रश्न असा की, अधिकाऱ्याच्या मनातला हा रास्त अविश्वास खात्याच्या व्यवहारात का उतरत नाही?

उत्तर तिजोरीत शोधावे लागेल. १८५७ च्या उठावानंतर चार वर्षांनी ब्रिटिश सरकारने पोलीस कायदा केला. नेहमीचे पोलीस अपुरे पडतील तेथे परिसरातील रहिवाशांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून नेमण्याची सोय त्याच्या १७ व्या कलमाने केली. आणि सबळ कारणावाचून ही सेवा नाकारणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड १९ व्या कलमाने ठेवला. परक्या सरकारला लोकांच्या प्रेमाची खात्री नव्हती, म्हणून त्याने दंडाची धमकी कायद्यातच लिहून ठेवली. स्वराज्यात, १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या २१ व्या कलमात, विशेष पोलीस अधिकाऱ्याची तरतूद पुन्हा आली. पण आता माणसे मिळवायला दंडाची गरज उरली नव्हती. ते काम बेकारीने पत्करले.

होमगार्डचे उदाहरण घ्यावे. जातीय दंगलींच्या पार्श्वभूमीवर ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत ही संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. ‘निष्काम सेवा’ हे तिचे ब्रीद. पोटापाण्याचा स्वतंत्र उद्योग असलेल्या नागरिकाने वर्षातील काही दिवस समाजाला द्यावेत, ही मूळ कल्पना उदात्तच होती. पण ज्याला उद्योगच नाही त्याने हे दिवस दिले, तर ती सेवा राहत नाही. ती हंगामी मजुरी होते, आणि तीही मजुराचे हक्क नसलेली. पोलीस भरतीत होमगार्डसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यांवर हक्क सांगायचा तर तीन वर्षांची, म्हणजे १०९५ दिवसांची सेवा दाखवावी लागते. निष्काम सेवेच्या दारावर कामनेची पाटी टांगलेली आहे, आणि ती शासनानेच टांगली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०१५ रोजी होमगार्डना नोकरीत कायम करण्याची मागणी नाकारली. परंतु तीस दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका तरी भरला पाहिजे, असे बजावले. महाराष्ट्रात दैनिक कर्तव्यभत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये झाला तो २०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. मधल्या काळात नऊ वर्षे उलटली. शिवाय हा भत्ता बोलावले त्याच दिवसाचा. न बोलावलेल्या दिवशी निष्काम सेवकाने काय खावे, ह्याविषयी सारेच मौन पाळतात.

भरतीच्या उमेदवाराची गत ह्याहून बिकट आहे. २०२४ च्या भरतीत राज्यात सुमारे साडेसतरा हजार जागा होत्या, आणि अर्ज आले साडेसतरा लाखांच्या वर. एका जागेमागे शंभर. हे आकडे खाकीच्या लोकप्रियतेचे नव्हेत. ते शेतीच्या आणि रोजगाराच्या दिवाळखोरीचे आहेत. दोन एकर कोरडवाहूची भावाभावांत वाटणी झाल्यावर जो तरुण उरतो, त्याला महिन्याच्या महिन्याला पगार देणारी आणि गावात पत वाढवणारी जी मोजकी दारे दिसतात, त्यांतले हे एक. त्यासाठी तो घरचे दागिने मोडून अकादमीची फी भरतो, वयाची मर्यादा संपेपर्यंत धावत राहतो. मैदानावर त्याच्या छातीवर एक क्रमांक लावला जातो, आणि त्या क्रमांकापलीकडे खाते त्याला ओळखत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईत भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याने तरुणांचे बळी घेतले, तेव्हा कोठे ह्या चाचणीचा फेरविचार सुरू झाला; आज पुरुष उमेदवारांसाठी ते अंतर १६०० मीटर आहे. त्यानंतरच्या भरत्यांतही परगावचे उमेदवार मुंबईच्या पदपथांवर रात्र काढताना दिसले. शंभरांतला एकच ज्याला हवा आहे, त्याने नव्व्याण्णवांच्या निजण्याची चिंता का करावी?

अर्थशास्त्रात ह्यालाच बेकारांची राखीव फौज म्हणतात. दाराबाहेर शंभर उभे असले की आतल्या एकाला कमी पगारात आणि जास्त तासांत राबवता येते. दाराबाहेरच्यांनाही आशेवर फुकट राबवता येते. इतकेच नव्हे, तर दार अर्धे बंद ठेवणेही फायद्याचे ठरते. जुलै २०२३ मध्ये शासनाने मुंबई पोलीस दलासाठी राज्य सुरक्षा महामंडळाकडून ३,००० माणसे कंत्राटी तत्त्वावर घेण्याचा निर्णय केला. मुदत अकरा महिन्यांची. कारण सांगितले मनुष्यबळाच्या तुटवड्याचे. ज्या राज्यात एका जागेसाठी शंभर तरुण धावतात तेथे तुटवडा माणसांचा नसतो. तुटवडा असतो पगार देण्याच्या इच्छेचा.

हौस आणि गरज ह्यांच्या ह्या सौद्याचे शेवटचे टोक पाहायचे असेल, तर गडचिरोलीच्या सीमेपलीकडे बस्तरला जावे लागते. नक्षलवाद्यांविरुद्धच्या मोहिमेत छत्तीसगड सरकारने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमले. २०११ पर्यंत त्यांची संख्या साडेसहा हजारांवर गेली. मानधन महिना तीन हजार रुपये, पाचवी उत्तीर्ण असल्यास प्राधान्य, प्रशिक्षण दोन महिन्यांचे, हाती बंदूक. हे तरुण स्वेच्छेने आले, असा शासनाचा युक्तिवाद होता. ५ जुलै २०११ रोजी न्या. सुदर्शन रेड्डी व न्या. निज्जर ह्यांनी तो फेटाळला, आणि ही पद्धत संविधानाच्या चौदाव्या व एकविसाव्या अनुच्छेदांचा भंग करणारी ठरवली. कर्तव्यावर १७३ जण मृत्युमुखी पडल्याचे शासनाचेच निवेदन त्या निकालात नमूद आहे. नेमलेल्या शिपायाला जे शिक्षण, जे वेतन आणि जे संरक्षण द्यावे लागते, ते न देता त्याचे मरण तेवढे मिळवायचे, ह्याला स्वयंसेवा म्हणणे हा भाषेचाच अपमान आहे. आणि निकालानंतर झाले काय? काही महिन्यांत राज्याने सहाय्यक सशस्त्र दलाचा कायदा केला आणि ह्याच तरुणांना नव्या नावाने सामावून घेण्याची वाट मोकळी केली.

जी माणसे पूर्ण पोलीस नाहीत आणि नुसते नागरिकही नाहीत, त्यांचा उपसर्ग केवळ त्यांनाच होतो असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्या गुन्ह्यात दोषी ठरलेला इसम पोलिसांचा ‘सिव्हिक व्हॉलंटियर’ होता. अशा स्वयंसेवकांची नेमणूक कोणत्या अधिकाराने होते, आणि त्यांची पडताळणी कोण करते, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शासनाला विचारावे लागले. हा प्रश्न नेमणुकीच्या दिवशी विचारला जायला हवा होता. पण फुकट मिळणाऱ्या हातांची पडताळणी करीत बसावे, असे कोणत्याच शासनाला वाटत नाही.

महाराष्ट्रालाही ह्या रोगाचे सौम्य रूप परिचयाचे आहे. झडतीच्या वेळी त्या वस्तीतले दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पंच असावेत, असा फौजदारी कायद्याचा दंडक आहे. पंच पोलिसांचा नव्हे, न्यायाचा डोळा असावा, हा त्यामागील हेतू. व्यवहारात काय होते? ठाण्याच्या ओळखीचा, हाकेसरशी येणारा उत्साही माणूस ह्या पंचनाम्यावर सही करतो, आणि उद्या दुसऱ्याही पंचनाम्यावर करतो. न्यायालयांनी अशा नेहमीच्या पंचांवर वेळोवेळी ताशेरे ओढले आहेत. त्याच्या भक्तीमुळे खरा गुन्हेगार सुटतो किंवा निरपराध अडकतो. हवा असतो तटस्थ साक्षीदार. सोयीचा असतो भक्त.

ह्या तिघांखेरीज आणखी एक जमात आहे, टाळ्या वाजवणाऱ्यांची. तिला दोर धरायचा नसतो, मैदानावर धावायचे नसते. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार व खुनाच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा ह्या जमातीने पोलिसांवर पुष्पवृष्टी केली. पुढे न्या. विकास सिरपूरकर ह्यांच्या आयोगाने साक्षीपुरावा तपासून, गोळीबार मारण्याच्या हेतूनेच झाला असा निष्कर्ष काढला, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस केली. अहवाल २०२२ मध्ये उघड झाला, तेव्हा फुले टाकणारे कोठे होते? उत्साही चाहता पोलिसाला बेकायदा कृत्याच्या काठावर नेतो आणि तेथे एकट्याला सोडून घरी जातो.

ह्या चाहत्यांच्या प्रेमाची कसोटी महाराष्ट्रात ह्याआधीच लागली होती. ऑगस्ट १९८२ मध्ये, गिरणी संप चालू असताना, मुंबईच्या पोलीस शिपायांनी स्वतःच्या हलाखीविरुद्ध आवाज उठवला. १८ ऑगस्टला असंतोषाचा भडका उडाला. संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली, पुढाऱ्यांना अटक झाली, बडतर्फीचा वरवंटा फिरला, लष्कर बोलवावे लागले. हवालदाराला माणसासारखी घरे, माणसासारखे कामाचे तास आणि साहेबांच्या घरच्या चाकरीतून सुटका हवी होती. त्या वेळी खाकीचे किती भक्त हवालदाराच्या बाजूने उभे राहिले? भक्ती गणवेशाची असते. गणवेशातल्या माणसाच्या भाकरीशी तिला देणेघेणे नसते.

ह्यावर एक आक्षेप येईल. मग नागरिकांनी पोलिसांना सहकार्य करूच नये काय? अवश्य करावे, पण सहकार्य आणि चाकरी ह्यांतला भेद ओळखून करावे. १९७० व १९८४ मध्ये भिवंडी दंग्यांत होरपळली. १९८८ पासून तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे ह्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. साध्या पोलिसाच्या पुढाकाराने हिंदू आणि मुसलमान रहिवासी एकत्र बसत, आपली गाऱ्हाणी सांगत, अफवा तेथल्या तेथे तपासत. तेथे कोणाला गणवेश दिला नव्हता, काठी दिली नव्हती, नोकरीचे आमिष दाखवले नव्हते. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. समितीतला नागरिक पोलिसाचा चाहता नव्हता. तो पोलिसाला प्रश्न विचारू शकत होता, आणि म्हणूनच पोलीस त्याच्यावर विसंबू शकत होता.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पोलिसांची मंजूर पदे नियमित भरतीनेच भरली जावीत. कंत्राटाचा मागचा दरवाजा बंद व्हावा. होमगार्डला काम दिले त्या दिवसाचे दाम वेळेवर मिळावे आणि अपघातात त्याच्या घरच्यांना शिपायाच्या घरच्यांइतकेच संरक्षण असावे. भरतीच्या मैदानावर निवारा, पाणी आणि डॉक्टर ही दया नसून अटच असावी. अटक, झडती आणि बळाचा वापर ही कामे नेमलेल्या, शिकवलेल्या आणि जाब देणाऱ्या नोकराखेरीज कोणाकडेही जाऊ नयेत, मग त्याच्या गळ्यात कोणतेही ओळखपत्र असो. आणि ज्या शिपायाच्या नावाने जयजयकार होतो त्याला आठ तासांचा दिवस मिळावा.

पहाटे धावणाऱ्या तरुणाला ह्यात आपला अवमान वाटण्याचे कारण नाही. त्याच्या पायांत बळ आहे, आणि ते बळ समाजाच्या उपयोगी पडावे ही त्याची इच्छा खरी आहे. पण त्याने एक हिशेब मांडून पाहावा. फुकट राबल्याने पगाराची जागा निर्माण होत नाही; उलट जे काम फुकट होते, त्यासाठी पगाराची जागा कोणतेही शासन काढीत नाही. तो आज आशेवर जितके राबेल, तितकी त्याची उद्याची नोकरी लांबेल.