यंत्र, मात्रा आणि जागृती

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या कुटुंबाचा एक प्रश्न ठरलेला असतो : "ते डोळे कधी उघडतील?" जैन घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. रुग्णाच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणायचा असतो आणि तो त्याने जागेपणी ऐकावा, अशी सर्वांची इच्छा असते. रुग्ण जागा का होत नाही, याचे उत्तर दर वेळी आजारातच सापडते असे नाही. पुष्कळदा ते औषधाच्या मात्रेत आणि खाटेशेजारी चालू असलेल्या यंत्रात दडलेले असते.

निरोगी माणसात औषधाचा प्रवास बराचसा ठरलेला असतो. ते रक्तात मिसळते, शरीरभर पसरते आणि यकृत व मूत्रपिंडे त्याचा निचरा करतात. गंभीर आजारात हा हिशेब बिघडतो. रक्तवाहिन्यांतील पाणी ऊतींमध्ये झिरपते, रक्तातील प्रथिने घटतात, निचरा मंदावतो. त्यात यंत्रांची भर पडते. आपण श्वास घेतो तेव्हा छाती हवा आत ओढते. व्हेंटिलेटर मात्र ती आत ढकलतो. छातीतील दाब वाढल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊ शकते आणि यकृत व मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही घटू शकतो.

फुप्फुसे किंवा हृदय पुरते थकले की 'एक्मो' हे यंत्र लावले जाते. ते रक्त शरीराबाहेर काढते, कृत्रिम पटलातून नेऊन त्याला प्राणवायू देते आणि परत आत सोडते. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी या यंत्राच्या साहाय्याने एका नवजात बालिकेचे प्राण वाचवले. तिला 'एस्पेरांझा', म्हणजे आशा, हे नाव मिळाले. तीन किलो वजनाच्या बाळाच्या शरीरात जेमतेम पाव लिटर रक्त असते. यंत्राच्या नळ्या भरायला तेवढाच, कधी त्याहून अधिक द्रव लागतो. साहजिकच बाळाला दिलेले औषध एकदम पातळ होते. प्रौढांत हा फरक कमी असला, तरी दुसरी अडचण उरतेच. फेंटानिल, मिडाझोलाम, प्रोपोफोल यांसारखी स्निग्ध पदार्थांत विरघळणारी औषधे नळ्यांच्या प्लॅस्टिकला आणि पटलाला चिकटून बसतात. मॉर्फिन त्या मानाने कमी चिकटते. त्यामुळे नेहमीच्या मात्रेने रुग्ण शांत होत नाही आणि मात्रा वाढवावी लागते. पुढे प्लॅस्टिकची शोषणशक्ती संपते. तीच वाढीव मात्रा आता सगळी रुग्णाच्या वाट्याला येते आणि गुंगी लांबते.

डायलिसिसची गोष्ट निराळी. ते चाळणीसारखे काम करते. पाण्यात विरघळणारी आणि प्रथिनांना फारशी न चिकटणारी औषधे त्या चाळणीतून निघून जातात. मेरोपेनेम, जेंटामायसिन ही प्रतिजैविके त्यांपैकीच. मूत्रपिंडे निकामी आहेत म्हणून मात्रा कमी केली आणि अहोरात्र चालणारे डायलिसिस औषध बाहेर काढत राहिले, तर जंतुसंसर्गाला मोकळे रान मिळते. उलट, गाळणीत रक्त गोठून यंत्र थांबले आणि मात्रा मात्र तीच राहिली, तर औषध शरीरात साठते. एकाच रुग्णासाठी सकाळी योग्य असलेली मात्रा संध्याकाळी अयोग्य ठरते. अनेकांताची दृष्टी ज्यांच्या घरात रुजलेली आहे, त्यांना हे समजणे कठीण जाऊ नये.

मग डॉक्टर काय करतात? प्रतिजैविकाची पहिली मात्रा सहसा पुरेशी मोठी ठेवली जाते. पुढच्या मात्रा यंत्राची गती आणि लघवीचे प्रमाण पाहून बदलतात. व्हँकोमायसिनसारख्या औषधांची रक्तातील पातळी मोजता येते. गुंगीची खोली ठरावीक मोजपट्टीने तपासली जाते आणि प्रकृती अनुकूल असेल तेव्हा औषध थांबवून रुग्ण जागा होतो का, हे पाहिले जाते. मूत्रपिंडे बंद असतील तर मिडाझोलाम आणि मॉर्फिन यांपासून बनलेले परिणामकारक घटक शरीरात रेंगाळतात. औषध बंद झाल्यावरही झोप उतरत नाही. म्हणूनच मेंदूमृत्यूची तपासणी करण्यापूर्वी गुंगीच्या औषधांचा परिणाम उरलेला नाही, याची खात्री करणे बंधनकारक असते. जे कुटुंब उपचार थांबवण्याच्या कठीण निर्णयाशी येऊन ठेपले आहे, त्याने हा एक प्रश्न अवश्य विचारावा : "ही अवस्था आजाराची आहे, की औषधाचा अंमल अजून बाकी आहे?"

आणखी एक बाब जैन कुटुंबांना अस्वस्थ करते. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपॅरिन दिले जाते आणि ते मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून मिळवले जाते. बायव्हॅलिरुडिनसारखे कृत्रिमरीत्या घडवलेले पर्याय आहेत. मात्र मूत्रपिंडे मंदावली की बायव्हॅलिरुडिनची मात्राही बदलावी लागते, त्यामुळे प्रत्येक रुग्णाला ते सोयीचे असतेच असे नाही. आपली भावना डॉक्टरांना शक्य तितक्या लवकर आणि स्पष्टपणे सांगावी. निर्णय मात्र रुग्णाचा जीव समोर ठेवून, त्यांच्यासह घ्यावा.

कुटुंबाच्या हाती आणखीही काही असते. रुग्णाचे खरे वजन, पूर्वीची औषधे, घेत असलेली काढे-चूर्णे, नुकताच केलेला उपवास, मूत्रपिंडांचा वा यकृताचा जुना विकार, हे सारे एका कागदावर लिहून द्यावे. त्यातील प्रत्येक नोंद मात्रेच्या हिशेबात उपयोगी पडते. आणि गुंगीतल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही, असे कोणी गृहीत धरू नये. परिचारिकेची परवानगी घेऊन, हात स्वच्छ धुऊन, त्याच्या कानाशी मंद स्वरात णमोकार म्हणावा. डोळे उघडण्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही.