घरगड्याच्या दोन वह्या

फेर्दिनां ओयोनो यांची ‘युन वी द बॉय’ ही फ्रेंच कादंबरी १९५६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. तिचे कथानक कॅमेरूनमध्ये, फ्रेंच अमलात घडते. सक्तीची मजुरी फ्रेंच वसाहतींत १९४६ सालीच कायद्याने बंद झाली होती. कॅमेरूनमध्ये १९५५ साली स्वातंत्र्यवादी पक्षावर बंदी आली आणि १ जानेवारी १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. बाहेर असा काळ पालटत असताना साहेबाच्या घरात काय चालले होते, हे कादंबरी एका घरगड्याच्या दोन वह्यांतील रोजनिशीतून दाखवते.

हा घरगडी म्हणजे तूंदी. वडिलांच्या माराला भिऊन तो मिशनमध्ये पळून येतो. फादर झिल्बेर त्याला लिहायला-वाचायला शिकवतात. त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर तो गावच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडे कामाला लागतो. एवढ्या मोठ्या साहेबाचा गडी झाल्याचा त्याला आधी अभिमान वाटतो. एकदा साहेब अंघोळ करताना दिसतो; त्याची सुंता झालेली नाही हे कळते. तूंदीच्या समाजात सुंतेवाचून मुलगा पुरुष ठरत नाही, त्यामुळे साहेबाची भीती तिथेच संपते. पुढे मालकिणीचे तुरुंगाधिकाऱ्याशी असलेले संबंध त्याला कळतात, कारण त्यांचे निरोप पोहोचवण्याचे कामही त्याच्याकडेच असते.

इतर नोकरांनाही सारे ठाऊक असते, पण न पाहिल्यासारखे वागण्याची कला त्यांनी कमावली आहे. अनुभवी मोलकरीण कालिझिया तूंदीला वेळीच निघून जायला सांगते. तो थांबतो. मग दुसऱ्याच कुणाच्या चोरीचा आळ त्याच्यावर येतो, बेदम मार बसतो आणि स्पॅनिश गिनीत पळून गेल्यावर तो मरतो. तूंदीला शहाणपण येते, पण ते वापरायला जागा उरत नाही. मालकाला त्याची चूक खुपत नाही, त्याची नजर खुपते.

घरात राबणाऱ्याकडे आपल्याकडेही असेच दुर्लक्ष होत आले आहे. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. कारखान्यातील कामगाराला कायद्याने कितीतरी आधी ओळखले होते. घरकाम चार भिंतींआड चालते, म्हणून ते काम मानलेच जात नाही. दिवाळीची पोस्त दिली की हिशेब पुरा झाला, ही समजूत त्यातूनच येते. पगार, सुट्टी आणि आजारपणातील आधार हे घरकामगारांचे हक्क आहेत. घर कसे चालते हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. म्हणून घरकामाविषयी बोलताना पहिला शब्द त्यांचा असायला हवा. ओयोनोंनी लेखणी तूंदीच्या हाती दिली, यातच या कादंबरीचे मोठेपण आहे.