निसर्गसेवा आणि मुशाहिरा

खोपोलीला पगार हा विषय नवा नाही. १९१५ साली घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली उतरवून टाटांनी येथे वीज निर्माण केली. पुढे कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर हजेरीपट, वेतनश्रेणी, बोनस, ओव्हरटाईम हे शब्द घरोघरी रुळले. आपल्या शेजारच्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसास किती मिळते हे येथील कामगाराला विचारावे लागत नाही. युनियनने करार केला की त्याची कलमे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पाठ झालेली असतात. परंतु याच कर्जत-खालापुराच्या डोंगरांत, माथेरानच्या उतारांपासून भीमाशंकरच्या कड्यांपर्यंत, अरण्य, पक्षी आणि झरे यांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या धर्मादाय संस्थांतील माणसांस काय मिळते, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही नसते.

या संस्थांच्या नोकरीच्या जाहिराती आमच्या वाचकांनी पाहिल्या असतील. उमेदवार पदव्युत्तर असावा, इंग्रजी उत्तम यावे, स्वतःची दुचाकी असावी, रानात मुक्कामाची तयारी असावी, निसर्गाविषयी ‘तळमळ’ असावी. अपेक्षांची यादी बोटभर लांब, आणि वेतनाच्या जागी चार शब्द: ‘पात्रता व अनुभव यांनुसार’. तळमळ मोजण्याचे माप संस्थेपाशी आहे आणि तिची किंमत सांगण्याचा संकोच आहे, हे मोठे चमत्कारिक होय. भरीस भर म्हणून उमेदवाराने आपला मागील पगार कळवावा अशीही अट असते. म्हणजे ज्याला काल कमी मिळाले त्याला आजही कमी देण्याची सोय आधीच करून ठेवावयाची. पुष्कळ जागांची तर जाहिरातही निघत नाही; ओळखीतून ओळख निघते आणि माणूस रुजू होतो.

सेवाभावी कामात पैशाची भाषा कशाला, असा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. तो विचारणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास थोडा चाळावा. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांइतका त्याग करणारी माणसे त्या काळी थोडीच असतील. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या विद्वानाने तेथे दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे काम करण्याचे व्रत घेतले, आणि तो आकडा सर्वांना ठाऊक होता. लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये त्या संस्थेचा राजीनामा दिला, त्यामागे सभासदांनी ठराविक वेतनावर राहावे की बाहेरची मिळकत वेगळी ठेवावी, हाच मुख्य वाद होता. टिळकांनी आपली बाजू सविस्तर लिहून सहकाऱ्यांपुढे मांडली. त्या भांडणात कोणाचे बरोबर होते याचा निर्णय येथे करावयाचा नाही. त्यागाची शपथ घेतलेल्या माणसांनीही पगाराची चर्चा कागदावर आकडे मांडून केली आणि तीत त्यांना कमीपणा वाटला नाही, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे. मुशाहिरा ठाऊक असेल तरच त्याग किती हे कळते. जेथे आकडाच झाकलेला असतो, तेथे त्याग कोणाचा आणि लाभ कोणाचा हे कसे समजावे?

आम्ही पूर्वी शाळेत शिकवीत होतो. सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा, हा प्रकार एका संस्थेत आम्ही स्वतः सोसला आहे. गुप्ततेचा फायदा नेहमी वरच्याला होतो, हे तेथे शिकलो.

निसर्गसंस्थांत खालचा कोण, हे आपल्या तालुक्यांत तरी उघड आहे. शेकरूचे घरटे कोणत्या झाडावर आहे, कोणता झरा वैशाखातही आटत नाही, घुबड कोणत्या ढोलीत बसते, हे ठाकर आणि कातकरी यांना ठाऊक असते. शहरातून आलेला संशोधक त्यांच्या मागून चालतो. अहवालावर मात्र संशोधकाचे नाव येते, आणि वाट दाखविणारा वर्षानुवर्षे ‘स्थानिक सहाय्यक’ म्हणून रोजावर राहतो. प्रकल्प संपला की त्याचा रोजही संपतो. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून कायम जागेसाठी तो अपात्र! दुसऱ्या टोकाला बिनपगारी उमेदवारीची प्रथा आहे. सहा महिने फुकट राबणे मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरातील मुलाला परवडते. आमच्या चौकातील, आश्रमशाळेतून शिकून विज्ञानाची पदवी घेतलेल्या मुलीला ते परवडत नाही. दार उघडे असते, पण उंबरठाच एवढा उंच घातलेला की ठराविक पायच तो ओलांडू शकतात.

स्वयंसेवकांची गोष्ट निराळी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा भर पावसात गड चढून जाणाऱ्या तरुणांनी मोबदल्याचा विचार केला नाही, आणि त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु ते तरुण काम आटोपून आपापल्या नोकरी-धंद्यावर परतले. जो माणूस महिन्याचे तीस दिवस संस्थेचे काम करतो त्याला स्वयंसेवक म्हणणे ही स्वयंसेवेची विटंबना आहे.

वस्तुतः हा प्रश्न न्यायासनापुढेही जाऊन आला आहे. पुण्याजवळ पाचगाव-पर्वतीच्या वनउद्यानात काम करणाऱ्या मजुरांना वन खात्याने वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या डिसेंबरात, जगन्नाथ मारुती कोंढरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात, कायमपणाचे लाभ न देण्यासाठी माणसांना तात्पुरते ठेवणे ही राज्याच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित प्रथा होय, असे ठरविले. झाडे लावण्याचे काम पवित्र आहे म्हणून झाडे लावणाऱ्याचा हक्क बुडत नाही, हा त्याचा इत्यर्थ. दुर्दैवाने काळाचा प्रवाह उलट वाहू लागला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने पूर्णतः वा मुख्यतः धर्मादाय व परोपकारी कार्य करणाऱ्या संघटनांच्या संस्था ‘उद्योग’ या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. कायद्याची छत्री जेथे आखूड होते तेथे उघडेपणाची निकड वाढते.

हिशेब दिले जात नाहीत असे नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली प्रत्येक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे तपासलेले हिशेब सादर करतो. त्या नमुन्यात विश्वस्तांच्या मानधनासाठी स्वतंत्र रकाना आहे. पण संचालकापासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांचे पगार ‘आस्थापना खर्च’ या एका ओळीत विरघळून जाऊ शकतात. सरकारी कचेरीतील शिपायाचेही वेतन २००५ च्या माहितीच्या अधिकारामुळे प्रसिद्ध करावे लागते. ज्या बिनसरकारी संस्थांना शासनाचे भरीव अर्थसाहाय्य मिळते त्या याच कायद्याच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. इतर संस्थांना कायदा मोकळे सोडतो. ब्रिटनमध्ये मोठ्या धर्मादाय संस्थांना ६०,००० पौंडांहून अधिक पगार घेणारे सेवक किती, हे टप्प्याटप्प्याने हिशेबात दाखवावे लागते. युरोपीय संघाने तर २०२३ च्या निर्देशाने नोकरी देण्यापूर्वीच उमेदवारास वेतनाची मर्यादा कळविण्याचे आणि मागील पगार न विचारण्याचे बंधन सर्वच मालकांवर घातले, आणि सभासद राष्ट्रांना त्यासाठी जून २०२६ पर्यंतची मुदत दिली.

संस्थाचालकांची अडचण आम्ही जाणतो. देणगीदारास रोपांची संख्या ऐकावयास आवडते, रोपे जगविणाऱ्याचा पगार आवडत नाही. परदेशी देणगीतून प्रशासनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली, त्याचा ताण खरा आहे. परंतु पैसा थोडा असेल तर तो थोडा आहे असे सांगावे. कमी पगार जाहिरातीत छापला तर चांगली माणसे येणार नाहीत, ही भीती म्हणजे माणसे फसून आलेली चालतील अशी कबुलीच होय. आकडे उघडे झाल्याने असूया वाढेल हाही आक्षेप लटका आहे. असूया तर्कावर अधिक पोसते, आणि तर्क आजही चालूच आहेत.

म्हणून या दोन तालुक्यांत काम करणाऱ्या संस्थांना आमची सूचना आहे की, जाहिरातीत वेतनाचा आकडा छापावा, आणि ती जाहिरात मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर व आश्रमशाळांत लावावी. रानवाटांचे ज्ञान हीही पात्रता समजावी. पूर्णवेळ काम घ्यावयाचे तर उमेदवारीलाही मोबदला द्यावा. ३१ मार्चला वर्षाचे हिशेब बंद होतात व पुढील सहा महिन्यांत ते तपासून सादर होतात. वार्षिक अहवाल निघेल तेव्हा त्यात सर्वांत वरचा पगार, सर्वांत खालचा पगार आणि रोजावर किती माणसे किती दिवस होती, एवढे एक पान अधिक घालावे. बिबट्याच्या रंगीत छायाचित्राहून त्याची छपाई स्वस्त पडेल.