गाडी चकाचक, पण नंबर प्लेट? हायवेवरच्या कॅमेऱ्याला नेमकं काय दिसतं

गेल्या काही काळातल्या तीन बातम्या आठवून बघा. जुलै २०२४ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आयटीएमएस, म्हणजे कॅमेऱ्यांनी वाहतुकीवर नजर ठेवणारी यंत्रणा सुरू झाली. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आणि त्याच वर्षी राज्यभर एचएसआरपी नंबर प्लेटची धावपळ झाली. आधी ३१ मार्च २०२५ असलेली मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली.

तिन्ही बातम्या वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांना जोडणारा धागा एकच आहे. वेगात जाणारी गाडी ओळखण्याचं काम आता हवालदाराच्या डोळ्यांकडून कॅमेऱ्याकडे गेलंय.

माझं गाव म्हसावद, शहाद्याहून तोरणमाळकडे जाताना लागतं. आमच्याकडे एक्स्प्रेसवे नाही. पण गावातून निघालेली गाडी शहाद्याहून दोंडाईचामार्गे धुळ्याला जाते, नाहीतर नंदुरबार-विसरवाडी करत सुरतच्या हायवेला लागते. गावातल्या रस्त्याची धूळ आणि उसाच्या ट्रॉलीमागचा चिखल अंगावर घेऊनच ती कॅमेऱ्यांच्या जगात शिरते. त्यामुळे ‘गाडी स्वच्छ ठेवणं’ ही आता फक्त हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

कॅमेऱ्याला वेग कसा कळतो?

वेग मोजायच्या मुख्य पद्धती दोन. पहिली रडारची. रडार गाडीवर रेडिओ लहरी सोडतं. चालत्या गाडीवरून परत आलेल्या लहरींची फ्रिक्वेन्सी थोडी बदललेली असते आणि त्या बदलावरून वेग निघतो. गाडीवर धूळ असो की आरशासारखं पॉलिश, याला काही फरक पडत नाही.

दुसरी पद्धत सरासरी वेगाची. रस्त्यावर दोन ठिकाणी कॅमेरे असतात आणि दोन्हीकडे तुमच्या नंबरसोबत वेळ नोंदवली जाते. समजा दोन कॅमेऱ्यांत १० किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा ताशी १०० ची आहे. म्हणजे तुम्हाला किमान ६ मिनिटं लागायला हवीत. तुम्ही ५ मिनिटांत पोचलात, तर सरासरी १२० निघाली. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेलं की पुन्हा सुसाट, ही युक्ती इथे चालत नाही.

पण दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. वेग कितीही अचूक मोजला, तरी तो कुणाच्या नावावर टाकायचा हे नंबर प्लेटच ठरवते. सगळ्या साखळीतली कच्ची कडी तीच.

प्लेट वाचताना काय होतं?

या तंत्राला एएनपीआर म्हणतात, म्हणजे नंबर प्लेट आपोआप वाचणं. सॉफ्टवेअर आधी फोटोत प्लेट कुठे आहे ते शोधतं, ती सरळ करतं, अक्षरं ओळखतं आणि मग तो नंबर वाहनांच्या सरकारी नोंदीशी, म्हणजे ‘वाहन’ डेटाबेसशी ताडून बघतं.

ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं, तरी तेवढ्यात गाडी पावणेतीन सेंटिमीटर सरकलेली असते. चारचाकीच्या प्लेटवरचं अक्षर साडेसहा सेंटिमीटर उंच असतं आणि त्याची रेघ फक्त एक सेंटिमीटर जाड. गाडी सरळ कॅमेऱ्याकडे येत असल्यामुळे फोटोतला फराटा बराच कमी होतो, पण चुकीला जागा किती थोडी आहे बघा. बाईकची अक्षरं तर याहून लहान.

रात्री हे काम इन्फ्रारेड दिव्यावर चालतं. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही. एचएसआरपीवर असा थर असतो, की ज्या दिशेने प्रकाश येतो त्याच दिशेला तो परत जातो. त्यामुळे कॅमेऱ्याला पार्श्वभूमी लख्ख उजळलेली आणि अक्षरं काळी दिसतात. आता त्यावर धुळीचा थर बसला, तर प्रकाश भलतीकडेच विखुरतो आणि प्लेट मळकट करडी दिसते. चिखलाचा ठिपका तर त्याहून वाईट, कारण तो काळा दिसतो आणि सॉफ्टवेअरला अक्षराचाच भाग वाटतो. इंग्रजी तीनचा आठ होतो, एफचा ई होतो, ओ आणि डी यांची अदलाबदल होते.

यातली धोक्याची गोष्ट म्हणजे चुकीचा वाचलेला नंबरही बऱ्याचदा खराच असतो, फक्त तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो. एमएच ३९ च्या मालिकेतला एक आकडा बदलला की जिल्ह्यातल्या भलत्याच माणसाची गाडी निघते. हायवेवर उडवली एकाने आणि मोबाइलवर मेसेज आला शेतात पाणी धरत असलेल्या दुसऱ्याला.

खरी किंमत चलनाची नाही

चलनाचा प्रश्न शेवटी पैशाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ नुसार अतिवेगासाठी हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड आहे. मोठा प्रश्न अपघाताचा आहे.

आमच्याकडे हायवेच्या कडेने माणसं पायी चालतात, बाजाराला जातात, सायकलवर असतात. अशा माणसाला धडक देऊन गाडी पळाली आणि तिचा नंबर मिळालाच नाही, तर ते प्रकरण ‘हिट अँड रन’ ठरतं. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार अशा वेळी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमीसाठी ५० हजार रुपये भरपाई मिळते. तीच गाडी ओळखता आली आणि तिचा विमा असला, तर कुटुंबाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. तिथे मृताचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं बघून रक्कम ठरते, आणि ती कितीतरी पटींनी जास्त असू शकते.

म्हणजे वाचता न येणारी प्लेट ही एखाद्या घराचं पुढचं आयुष्य ठरवू शकते. ‘पोलिसांना चुकवायला’ वाकवलेल्या प्लेटची किंमत बहुतेक वेळा पोलीस मोजत नाहीत.

अभिमान कुठे दिसतो?

आपल्या पोरांना गाडीचं वेड आहे आणि मला ते आवडतं. रविवारी बादली-शाम्पू घेऊन तासभर टाकी चमकवायची, चेन साफ करायची, दसऱ्याला गाडी धुवून झेंडूचा हार घालायचा. गाडी ही बऱ्याच घरांतली पहिली मोठी खरेदी असते. तिचा अभिमान वाटणारच.

पण ही सगळी मेहनत होते आणि प्लेट तशीच राहते. किंवा तिच्यावर काळी फिल्म येते, आकडे वळवून ८०५५ चं ‘बॉस’ आणि २१४ चं ‘राम’ होतं, दसऱ्याचा हार वाळेपर्यंत नंबरवर लोंबत राहतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नंबर इंग्रजी अक्षरांत आणि अंकांतच हवा. मराठी प्लेटची भावना समजते, पण आपली गाडी धुळ्यानंतर गुजरात किंवा मध्य प्रदेशात जाते आणि तिथल्या यंत्रणेलाही ती वाचता यायला हवी.

टोलचंही हेच होणार आहे. सुरतजवळच्या चोर्यासी टोलनाक्यावर अडथळा नसलेली वसुली आणायचा करार ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. यात गाडी थांबतच नाही. वरून फास्टॅग आणि नंबर प्लेट दोन्ही वाचले जातात. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवलेले फास्टॅग काळ्या यादीत टाकण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही हाच विचार आहे.

मग करायचं काय?

- गाडी धुताना सुरुवात प्लेटपासून करा. मऊ कापड, साधं पाणी, थोडा शाम्पू पुरे. तारेची घासणी, रॉकेल, रबिंग कंपाउंड नको. त्याने काळी अक्षरं आणि चमकणारा थर दोन्ही खराब होतात.
- प्लेटवर काच, प्लास्टिक कव्हर, स्टिकर लावू नका. कव्हरवरून प्रकाश चमकतो आणि अक्षरं दिसत नाहीत.
- हेडलाइट, मागचा दिवा, रिफ्लेक्टर आणि आरसे त्याच कापडाने पुसा. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी तर हे रोज करावं. रात्री मागून ताशी ८० ने येणाऱ्याला तुम्ही दिसता ते त्या लाल पट्टीमुळेच.
- पुढची काच आतूनही पुसा. समोरून लाइट आला की आतल्या तेलकट थरावरच तो पसरतो.
- गाडी धुतल्यावर लगेच वेग घेऊ नका. ब्रेक ओले असतात. सुरुवातीला हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबून बघा.
- चलन आलं तर आधी त्यातला फोटो बघा. २०२१ च्या नियम १६७अ नुसार कॅमेऱ्याने दिलेल्या चलनासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दाखवणारा फोटो हवा. गाडी तुमची नसेल तर महाट्रॅफिक अॅपवर तक्रार नोंदवा आणि आपल्या गाडीचा स्पष्ट फोटो जोडा.
- व्हॉट्सॅपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका, डिलीट करा. चलन कधीच एपीके म्हणून येत नाही. ही फाइल फोनमधले ओटीपी वाचते आणि खातं रिकामं करते. चलन तपासायचं असेल तर स्वतः अॅप उघडा, किंवा पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असलेल्या साइटवर जा.

कॅमेरे चुकतात, आणि त्यांच्या चुकांबद्दल यंत्रणेला जाब विचारलाच पाहिजे. पण तसा जाब विचारायचा तर आपल्याकडे पुरावा हवा. ताशी १०० च्या वेगातही सहज वाचता येणारी स्वच्छ प्लेट हा त्यातला सगळ्यात स्वस्त पुरावा. चुकीचं चलन आलं तर ‘ही माझी गाडी नाही’ असं ती तुमच्या बाजूने सांगते. आणि रस्त्यावर कुणी पडलेलं असेल, तर ती त्याच्याही बाजूने बोलते.