पऱ्हाटी आमची, कार्बन कोणाचा?



कापूस संपला की पऱ्हाटी उपटायची आणि धुऱ्यावर पेटवून द्यायची, हा आपला रिवाज. कृषी महाविद्यालयात मीही तिला 'टाकाऊ अवशेष' म्हणूनच शिकलो. उद्या ती फुकट न्यायला कोणाचा ट्रॅक्टर आला, तर शेत साफ झालं म्हणून आपण त्यालाच चहा पाजू! म्हणून आधी हिशेब ऐका.

वाळली पऱ्हाटी हवा कोंडून चार-पाचशे अंशांवर भाजली की टनामागे अडीचशे ते तीनशे किलो कोळसा मिळतो. त्यात दोनशे किलो निव्वळ कार्बन धरा. ४४ भागिले १२ या हिशेबाने तो झाला ७३३ किलो कार्बन डायऑक्साइड. असा कोळसा मातीत शेकडो वर्षे टिकतो. म्हणून तेवढा वायू हवेतून काढल्याचा दाखला विकता येतो. भट्टीचा, वाहतुकीचा खर्ची वायू तेवढा वजा होतो. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने भारतातल्या एका कंपनीकडून २०३० पर्यंत असे एक लाख टनांचे दाखले घेण्याचा करार जाहीर केला. त्याच कोळशावर आठ-नऊशे अंशांत वाफ सोडली की पाणी शुद्ध करायचा कार्बन तयार. रुई गेली, सरकी गेली, आता काडीही निघाली.

वरून सांगतात, कोळसा टाका, पीक वाढेल. सरसकट हे खरे नाही. कोळसा अल्कधर्मी असतो. हलक्या, आम्ल जमिनीत तो कामाचा. आपल्या चुनखडीच्या, आठच्या वर सामू असलेल्या काळीत फायदा थोडा. कोरा टाकला तर सुरुवातीला नत्रही अडकवतो. शेणखतात मुरवा आणि आधी चार तासांवरच करून पाहा. दाखला विकणाऱ्याला कोळसा मातीत गेला एवढे पुरते. बोंड लागले की नाही, ते तुमचे तुम्ही बघा!

आपली अडचण त्यांना ठाऊक आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते विसरलो नाही. पऱ्हाटीचे ढीग पावसाळ्यापर्यंत ठेवता येत नाहीत. घाई आपल्याला, म्हणून भाव त्यांचा.

तेव्हा पऱ्हाटी द्यायची ती बांधावर तोलून, क्विंटलच्या भावाने. भट्टी गावात हवी. दाखल्यातला वाटा कागदावर हवा, आणि तो कागद मराठीत. ज्यांच्या चुली पऱ्हाटीवर पेटतात त्या मजूर बायांच्या मोळ्या आधी बाजूला काढायच्या. ज्वारीच्या कडब्याला तर हात लावू द्यायचा नाही. तो बैलांचा घास आहे.

पुढच्या बैठकीला येताना एका एकराची पऱ्हाटी वाळवून, तोलून आकडा आणा.